रकाना क्रमांक सहा

नाखुदा मोहल्ल्यात घरं एकोणतीस.
भर उन्हात मोजली. टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं युनूस खतीबांच्या हातात,
आणि मधल्या पिवळ्या पट्टीखालून
कोंबड्या निवांत ये-जा करत होत्या.

वारसा यादीचा अर्ज आठ पानी.
भिंती : जांभा, चुन्यातल्या.
छप्पर : मागे नळीची कौलं, पुढे मंगलोरी,
पडवीवर पत्रा
(समितीला पत्रा खपणार नाही, तो मी समासात लिहिला).
तुळया सागवानी, रंगूनहून आलेल्या.
चार नंबरच्या घराची मधली तुळई तर डोलकाठीच,
वाशिष्ठीच्या मुखाशी फुटलेल्या फत्तेमारीची.
दोरांचे वळ अजून आहेत तिच्या अंगावर.
"हात लावा," युनूसभाई म्हणाले.
लावला.
त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

रकाना सहा : वापरात / बंद.
योग्य तिथे खूण करा.

दाराला पितळी कुलूप, उंबऱ्यावर फणसाची पानं.
मी 'बंद'वर पेन टेकवलं.
"बंद नाय ओ, कुलूप हाय.
बंद म्हंजे मेला.
कुलूप म्हंजे भायेर गेलाय."

विजेच्या मीटरच्या पेटीतून
त्यांनी चाव्यांचा घोस काढला. एकवीस चाव्या,
प्रत्येकीला वायरचा रंगीत तुकडा बांधलेला.
लाल परकारांची, डरबन.
हिरवी हमदुल्यांची, कुवेत.
काळी-पांढरी पीळ दिलेली मुंब्र्याच्या मुकादमांची,
सगळ्यात जवळ तेच, आणि तेच येत नाहीत.

युनूसभाई वायरमन, वीज मंडळातून निवृत्त.
शुक्रवारी मगरिबनंतर ते घर-घर उघडतात,
एकेक दिवा लावतात, नळ थोडा सोडतात,
खाऱ्या हवेत धरलेल्या बिजागऱ्या हलवतात
आणि प्रत्येक घरात उभं राहून
दोनदा खोकतात.
"खोकता कशाला?"
"घराला मानसाचा आवाज लागतो.
मला गाता येत नाय."

मी रकान्याबाहेर लिहिलं : कुलूप.
अर्ज परत आला. संगणक दोनच शब्द घेतो.
साहेब समजुतीनं म्हणाले, बंद टाका,
बंद घरांना दुरुस्तीचा निधी आधी मिळतो.
ते खरंही होतं.
मी बंद टाकलं.
एकवीस वेळा.

निधी आला नाही, पाटी आली.
दोन पावसाळ्यांनंतर, टेम्पोतून, गवतात गुंडाळलेली :
संरक्षित निवासी परिसर.
'मोहल्ला'तला एक ल गाळलेला.
ड्रिल फिरलं, भिंतीतून तांबडा भुगा
कंत्राटदाराच्या चपलेवर पडत राहिला,
स्क्रू भोकात नुसता गरगरायचा.
"सिमेंट भरू?" त्यानं विचारलं.
सिमेंट चालणार नाही, मी म्हणाले,
नियम सोळा, मीच टंकलेला.
युनूसभाई गेले आणि वल्ह्याचा एक तुकडा घेऊन आले,
ओट्यावर बसून विळ्यानं चार खुंट्या तासल्या,
ठोकल्या.
आता स्क्रू आत जाताना कुरकुरला,
आणि धरला.

पाटी किंचित डावीकडे कलली आहे.
फोटोत कळत नाही.

चहा पिताना मी घोस पाहिला.
चाव्या बावीस. एकीला वायर नव्हती.
"ही कुणाची?"
"माझी," ते बशीत फुंकर घालत म्हणाले,
"पोरगा येतोय न्यायला, ईद झाली की."
मग पाटीकडे बघून :
"बघू, हिला कवा गंज चढतोय."

जेटीवर मी एकटीच.
पलीकडून फेरीबोट निघाली नव्हती अजून,
केसांत जांभ्याची धूळ, पिशवीत उरलेले स्क्रू.
आजूबाजूला कुणी नाही असं पाहून
मी एकदा खोकून पाहिलं.